शाहीर, नट, कादंबरीकार : अण्णाभाऊ साठे यांच्या एका आयुष्यात किती कलावंत होते?

ओझर : १ ऑगस्ट आला की गावोगाव अण्णाभाऊ साठे यांचे फलक लागतात, मिरवणुका निघतात. फलकावर नावाआधी हमखास ‘लोकशाहीर’ असते. ते खरेच आहे, पण अपुरे आहे. पोवाडे, लावण्या, लोकनाट्ये, कथा, कादंबऱ्या, प्रवासवर्णन आणि चित्रपटकथा हे सगळे त्यांनी लिहिले. शिवाय ते स्वतः रंगमंचावर उभे राहून गायले आणि लोकांना हसवलेही.

दीड दिवसाची शाळा

तुकाराम भाऊराव साठे यांचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी वाटेगावचा. हे गाव आज सांगली जिल्ह्यातील वाळवा तालुक्यात आहे. घर मातंग समाजाचे, गरिबी पाचवीला पुजलेली. शाळा जेमतेम दीड दिवसाची. पुढे कुटुंब पोटासाठी पायी मुंबईला निघाले. तिथे हमाली, फेरीवाल्याचे काम, गिरणीतली नोकरी असे पडेल ते काम त्यांनी केले. दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टरे हीच त्यांची बाराखडी.

गावाकडे नात्यातल्या बापू साठे यांचा तमाशाचा फड होता. त्या फडात अण्णाभाऊंनी काम केले, वाद्ये हाताळली. मुंबईत माटुंग्याच्या लेबर कॅम्पमध्ये कम्युनिस्ट चळवळीशी नाते जुळले आणि गळ्याला विषय मिळाला. त्यांचे पहिले गाणे याच कॅम्पातल्या डासांवर होते, क्रांतीवर नव्हे! स्टालिनग्राडच्या लढाईवरचा पोवाडा त्यानंतरचा, १९४३ मधला.

तमाशाचे लोकनाट्य कसे झाले?

१९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत अण्णाभाऊंनी ‘लाल बावटा कलापथक’ उभे केले. आपल्याकडे कॅबरे म्हटले की हिंदी सिनेमातला हॉटेलमधला नाच आठवतो. पण बर्लिनसारख्या शहरांत कॅबरे म्हणजे गाणे, नकला आणि सत्ताधाऱ्यांची टिंगल यांचा छोटा खेळही असे. या कलापथकाचे काम त्या जातीचे होते. फरक इतकाच, की प्रेक्षक टेबलाशी बसलेले नव्हते. ते मैदानात, चाळींच्या मोकळ्या जागेत मांडी घालून बसलेले कामगार होते.

पारंपरिक तमाशात आधी गण, मग गवळण, बतावणी आणि शेवटी वग. अण्णाभाऊंनी ही चौकट ठेवली, पण आतला माल बदलला. गणात गणपतीऐवजी मातृभूमी, हुतात्मे आणि कष्टकरी यांना वंदन आले. गवळणीला त्यांनी फाटा दिला. वगात राजाराणीच्या जागी सावकार, शेटजी, पुढारी आणि मंत्री उभे राहिले. ‘अकलेची गोष्ट’, ‘शेटजींचे इलेक्शन’, ‘लोकमंत्र्यांचा दौरा’ ही नावेच पुरेशी बोलकी आहेत. सोंगाड्याचा हजरजबाबीपणा मात्र त्यांनी तसाच राखला, कारण खेळ चालतो तो त्याच्यावरच.

सरकारला हे रुचणारे नव्हते. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने तमाशावर बंदी आणली, कलापथकाच्या कार्यक्रमांवरही टाच आली. तमाशाला ‘लोकनाट्य’ हे नाव रुळण्यामागे या बंदीचाही हात आहे.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ‘माझी मैना’ ही छक्कड घरोघर पोहोचली. पोटासाठी मुंबईत आलेल्या गड्याला गावी राहिलेल्या बायकोची ओढ लागते, आणि ऐकता ऐकता ती ओढ महाराष्ट्रापासून तुटलेल्या मुलखाची होते. हे भाषणाने साधले नसते.

मग कादंबरीकार कुठे गेला?

हाच माणूस झोपडीत बसून कादंबऱ्या लिहीत होता. सर्वांत गाजली ती १९५९ मधली ‘फकिरा’. इंग्रजी अमलात दुष्काळाने माणसे मरत असताना खजिना आणि धान्य लुटून भुकेल्यांना वाटणारा मातंग वीर तिचा नायक. ही कादंबरी त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या लेखणीला अर्पण केली. १९६१ मध्ये तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. त्याआधी, २ मार्च १९५८ रोजी मुंबईतील पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन अण्णाभाऊंनीच केले होते.

१९६१ हे वर्ष मोठे धावपळीचे. त्याच वर्षी ते रशियाला जाऊन आले आणि ‘माझा रशियाचा प्रवास’ लिहिले. तमाशातल्या स्त्रीच्या आयुष्यावरची त्यांची ‘वैजयंता’ही त्याच वर्षी पडद्यावर आली. ‘फकिरा’, ‘वारणेचा वाघ’ हे चित्रपटही त्यांच्याच कादंबऱ्यांवरचे.

पण पुरस्कार, परदेशवारी आणि सिनेमा यांनी घर काही बदलले नाही. घाटकोपरच्या चिरागनगरमधली झोपडी बरीच वर्षे तीच राहिली. समीक्षकांनीही ‘शाहीर’ म्हणून पाठ थोपटली आणि कादंबऱ्यांकडे बराच काळ काणाडोळा केला. ज्या गळ्याने नाव मिळवून दिले, तोच लेखणीच्या आड आला. शासनाने त्यांचे निवडक वाङ्मय प्रसिद्ध केले ते १९९८ मध्ये, टपाल तिकीट निघाले २००२ मध्ये, आणि मॉस्कोत पुतळा उभा राहिला २०२२ मध्ये.

१८ जुलै १९६९ रोजी गोरेगावात अण्णाभाऊंचे निधन झाले, तेव्हा एकोणपन्नासावा वाढदिवस दोन आठवड्यांवर होता. त्यानंतर सहाच आठवड्यांनी, २९ ऑगस्टला, अमर शेख अपघातात गेले.