बसता न येणारे बाबा : मणक्याच्या दुखण्यासोबत काढलेली वर्षं

गौतमपुरा (जि. इंदूर) : मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावानं वसलेलं हे गाव. बाहेरच्या लोकांना ते दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी होणाऱ्या हिंगोट युद्धामुळे माहीत असतं. बाकी वर्षभर इथं आणि आसपास शेतीच चालते. सोयाबीन, गहू, बटाटा, लसूण. निंदणी, काढणी, पोती उचलणं, ट्रॅक्टरवर तासन्‌तास बसणं. अशा कामांत कंबर जाते, मान आखडते, मांडीपासून पोटरीपर्यंत कळ उतरते. मग तेल लावून बघायचं, कुणी हाड बसवून देतो म्हणालं तर तिकडे जायचं, आणि शेवटी इंदूरला जाऊन एमआरआय काढायचा. नंदुरबार-शहाद्याकडे, बऱ्हाणपूरकडे किंवा चंद्रपूर-आदिलाबादकडे राहणाऱ्या आपल्या वाचकांनाही हे सगळं नवीन नाही.

या दुखण्यासोबत आयुष्याची कित्येक वर्षं काढलेला एक मराठी माणूस इथून विंध्य उतरल्यावर लागणाऱ्या निमाडात, नर्मदेच्या काठी राहत होता. बडवानीजवळ छोटी कसरावद नावाचं गाव आहे. 1990 साली बाबा आमटे तिथं राहायला आले, तेव्हा त्यांनी पंचाहत्तरी ओलांडली होती आणि त्यांना बसता येत नव्हतं. एक तर उभं राहायचं, चालायचं, नाही तर आडवं व्हायचं. मधली अवस्था शरीरानं काढूनच घेतली होती. बाबांच्या चरित्रात हा भाग नेहमी एका ओळीत उरकतात. तो जरा सविस्तर सांगायला हवा.

जमीनदाराचा मुलगा

मुरलीधर देवीदास आमटे यांचा जन्म 26 डिसेंबर 1914 रोजी वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटचा. घर जमीनदाराचं, सुखवस्तू. शिकार, मोटार, इंग्रजी सिनेमे असे सगळे शौक तरुणपणी झाले. नागपूरला कायदा शिकले, वरोऱ्यात वकिली केली. 1942 च्या चळवळीत पकडलेल्या कार्यकर्त्यांचे खटले चालवले. गोऱ्या सैनिकांच्या तावडीतून एका मुलीला वाचवल्यावर गांधीजींनी त्यांना अभयसाधक म्हटलं, ही हकीकत महाराष्ट्रात सगळ्यांना ठाऊक आहे.

वरोरा नगरपालिकेचे उपाध्यक्ष असताना सफाई कामगारांचं काम काय असतं ते कळावं म्हणून बाबांनी काही महिने मैला डोक्यावरून वाहिला. 1946 साली नागपूरच्या घुले घराण्यातल्या इंदू यांच्याशी लग्न झालं. त्याच पुढे साधनाताई. एकदा पावसात रस्त्याकडेला पडलेला तुळशीराम हा कुष्ठरुग्ण दिसला. हातापायाची बोटं झडलेली, जखमांत किडे. बाबा घाबरून मागे सरले. मग स्वतःच्या भीतीचीच लाज वाटून परत गेले, आडोसा केला, त्याला खाऊपिऊ घातलं. तुळशीराम वाचला नाही, पण बाबांच्या आयुष्याची दिशा ठरली.

1949 साली त्यांनी वरोऱ्याला महारोगी सेवा समिती स्थापन केली. कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये जाऊन कुष्ठरोगाचं शिक्षण घेतलं. रोगावर प्रयोग करता यावेत म्हणून स्वतःच्या अंगात जंतू टोचून घ्यायलाही ते तयार झाले. 1951 मध्ये वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळावर आनंदवन सुरू झालं. हाताशी काय होतं? 6 कुष्ठरुग्ण, 14 रुपये आणि एक लंगडी गाय. बायको, दोन लहान मुलं आणि भोवती विंचू-साप. खडक फोडून विहीर खणण्यापासून सुरुवात. नंतर त्याच माळावर शेती, दवाखाना, कारखाने, शाळा, कॉलेज असं सगळं उभं राहिलं. 1967 मध्ये मूल तालुक्यात सोमनाथचा प्रकल्प आणि 23 डिसेंबर 1973 रोजी भामरागडच्या जंगलात हेमलकसाचा लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. हेमलकसाचा भार मुलगा प्रकाश आणि सून मंदाकिनी यांनी उचलला. आनंदवनाचा पसारा थोरले विकास यांनी सांभाळला.

मणक्यांचं काय झालं होतं?

बाबांना मान आणि कंबर अशा दोन्ही ठिकाणी स्पॉन्डिलोसिस होता. आपल्या पाठीच्या कण्यात दोन मणक्यांच्या मध्ये एकेक मऊ चकती असते, गादीसारखी. वय वाढतं तशी ती सुकते, दबते. मग मणक्यांच्या कडांना हाडाची टोकं फुटतात. मणक्यांच्या बाजूच्या छिद्रांतून हातापायाकडे नसा जातात, त्यांना जागा कमी पडते. मानेत नस दबली तर कळ खांद्यातून बोटांपर्यंत जाते. कमरेत दबली तर कुल्ल्यापासून पायापर्यंत. मुंग्या येतात, आग होते, कधी ताकद कमी होते. थोडीफार झीज तर उतारवयात बहुतेकांची होते आणि पुष्कळांना ती दुखतही नाही. बाबांची मात्र फार पुढे गेली होती.

बसणंच का नकोसं होतं, याचंही कारण आहे. उभं राहण्यापेक्षा बसल्यावर, त्यातही पुढे वाकून बसल्यावर, कमरेच्या चकतीवर भार जास्त येतो. आडवं झाल्यावर तो सगळ्यात कमी. म्हणून कमरेचे अनेक रुग्ण सांगतात की चालायला जमतं, पण खुर्ची नको. बाबांचं हेच होतं, फक्त कायमचं.

आता विचार करा, बसता न येणारा माणूस कशाकशातून वगळला जातो. जेवणाची पंगत, सभेतलं व्यासपीठ, रेल्वेचा डबा, कचेरीतली खुर्ची, लिहिण्याचं टेबल. आपलं सगळं सार्वजनिक जीवन बसलेल्या माणसासाठी रचलेलं आहे. मीटिंगला आपण बैठक म्हणतो, त्यातच सगळं आलं.

बाबांनी उभं आणि आडवं या दोनच अवस्थांत दिवस मांडला. चालता येईल तेवढं रोज चालायचं. आनंदवनात पहाटे फिरणारे बाबा हजारो लोकांनी पाहिलेत. बाकी वेळ पलंगावर. लोक पलंगाजवळ येत, बोलणी तिथंच होत. त्यांच्या कविता पुष्कळशा त्यांनी तोंडी सांगितल्या आणि दुसऱ्यांनी उतरवून घेतल्या. प्रवासाला गाडीत पलंगाची सोय करून घेतली, म्हणजे झोपून जाता येईल.

दोन नसांची गोष्ट

इथं एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. कुष्ठरोग हा दिसतो कातडीवर, पण मुळात तो नसांचा रोग आहे. नॉर्वेच्या हॅन्सन यांनी 1873 मध्ये शोधलेला त्याचा जंतू हातापायाच्या नसांमध्ये जाऊन बसतो आणि संवेदना मारतो. गरम भांडं हाताला पोळलं तरी कळत नाही. काटा मोडून पाय चिघळला तरी माणूस त्यावरून चालत राहतो. बोटं झडण्याचं मोठं कारण हेच: दुखत नाही, म्हणून जपलं जात नाही.

म्हणजे आनंदवनात एकीकडे वेदना हरवलेली शेकडो माणसं होती आणि त्यांच्यातच एक माणूस असा, ज्याच्या नसा त्याला रात्रंदिवस गप्प बसू देत नव्हत्या. दुखणं नसण्याची किंमत किती भारी असते हे रोज डोळ्यांसमोर दिसत असताना बाबा स्वतःच्या कळा सोसत होते. दुखण्याला निव्वळ शत्रू मानायचं नाही, पण त्याच्या हातात सगळा कारभारही द्यायचा नाही, असं त्यांच्या जगण्याकडे पाहून वाटतं.

आडवं पडून देशभर

24 डिसेंबर 1985 रोजी कन्याकुमारीहून भारत जोडो अभियान निघालं. पंजाब पेटलेला होता, देशात जातीधर्माचे ताण वाढत होते. शंभरावर तरुण-तरुणी सायकलवर आणि सोबत गाडीत आडवे झालेले बाबा. दोनच दिवसांनी त्यांना 71 वर्षं पूर्ण झाली. काश्मीरपर्यंतचा हा प्रवास पाच हजार किलोमीटरहून जास्त होता. त्या काळातले रस्ते आठवा आणि कंबर गेलेल्या माणसाला एका खड्ड्यानं काय होतं तेही आठवा. 1988 मध्ये दुसरी यात्रा झाली, अरुणाचलातल्या इटानगरपासून गुजरातच्या ओख्यापर्यंत.

मग नर्मदा. 28 सप्टेंबर 1989 रोजी हरसूदला मोठ्या धरणांच्या विरोधात प्रचंड मेळावा झाला, त्यात बाबा होते. पुढच्या वर्षी आनंदवन मुलांवर सोपवून ते साधनाताईंसह कसरावदला आले. तिथल्या झोपडीवजा घराचं नाव निजबल. इंदूरच्या नळाला जलूदहून येणारं पाणी ज्या नदीचं, तिच्याच काठी, सरदार सरोवराच्या बुडितात जाणाऱ्या गावांच्या शेजारी हे घर होतं.

25 डिसेंबर 1990 रोजी बडवानीजवळच्या राजघाटावरून संघर्ष यात्रा निघाली. हजारो आदिवासी आणि निमाडी शेतकरी गुजरातच्या दिशेनं चालू लागले. सीमेवर फेरकुव्याला त्यांना अडवलं. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत महिनाभर लोक उघड्यावर राहिले. मेधा पाटकर आणि सहकाऱ्यांचं तीन आठवडे उपोषण चाललं. शहात्तर वर्षांचे बाबा लोकांसोबत होते. त्यानंतर जागतिक बँकेला स्वतंत्र चौकशी नेमावी लागली. जून 1992 मध्ये तिचा अहवाल आला आणि मार्च 1993 मध्ये बँक या धरणातून बाहेर पडली.

पण धरण थांबलं नाही. 18 ऑक्टोबर 2000 रोजी सर्वोच्च न्यायालयानं बांधकामाला परवानगी दिली. 2019 मध्ये सरोवर पहिल्यांदा पूर्ण भरलं आणि निमाडातली गावं पाण्यानं वेढली. धरणाबद्दल मतं वेगवेगळी आहेत. गुजरातच्या कोरड्या भागाला पाणी मिळालं, हे मोजणारेही आहेत. बाबांच्या आयुष्यापुरतं बोलायचं तर ही लढाई ते हरले. दहा वर्षं निजबलमध्ये काढून ते आनंदवनात परतले.

कुणाच्या हातांवर?

बाबांनी जिद्दीच्या जोरावर वेदनेवर मात केली, असं लिहायची आपल्याकडे पद्धत आहे. ते अर्धंच खरं आहे. दुखणं शेवटपर्यंत गेलं नाही, मात वगैरे झाली नाही. झाली ती सोय. आणि सोय माणसं करतात. पलंग हलवणारी, गाडी सावकाश चालवणारी, सांगितलेलं उतरवून घेणारी, उठताना हात देणारी. आनंदवनातल्या कुष्ठमुक्त हातांचाही त्यात वाटा होता. आणि सगळ्यांच्या आधी साधनाताई. माळावरच्या झोपडीपासून नर्मदाकाठापर्यंत प्रत्येक वेळी संसार उचलून त्या सोबत गेल्या. त्यांचं समिधा हे आत्मचरित्र वाचलं की या संसाराची किंमत कुणी किती मोजली ते कळतं.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. बाबांच्या दुखण्यावर लोकांनी विश्वास ठेवला. बाबा झोपून बोलतात म्हणून कुणी त्यांना आळशी म्हटलं नाही. आपल्या घरातल्या माणसाच्या वाट्याला हे येतं का? नसेचं दुखणं दिसत नाही. प्लास्टर नाही, जखम नाही, ताप नाही. निंदणीला जाणारी बाई दुपारी बांधावर आडवी झाली तर कामचुकार ठरते. सून कंबर धरून बसली तर नाटकं म्हणतात. कारखान्यातला माणूस खुर्ची बदलून मागत नाही, कारण नोकरीची भीती. बाबांना जी सोय झाली ती थोर माणसाचा मान म्हणून झाली. दुखणाऱ्या माणसाची साधी गरज म्हणून ती प्रत्येकाला मिळायला हवी. मधूनमधून उठायची मुभा, दुपारी पाठ टेकायला जागा, वाकून करायच्या कामात पाळी, आणि मुख्य म्हणजे दुखतंय म्हटल्यावर खरं मानणारं घर.

बाबांचं नाव घेऊन दुखणं अंगावर काढू नका, हेही सांगितलं पाहिजे. हाता-पायातली ताकद कमी होत असेल, बसण्याच्या जागी बधिरपणा आला असेल, लघवी-संडासवरचा ताबा सुटत असेल तर मालिश, हाड बसवणं असलं काही न करता त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठावा. उशीर झाला तर नस कायमची जाऊ शकते. आणि कातडीवर न दुखणारा, संवेदना नसलेला चट्टा दिसला तर सरकारी दवाखान्यात दाखवावा. कुष्ठरोगावरची औषधं तिथं फुकट मिळतात, रोग पूर्ण बरा होतो.

बाबांना मॅगसेसे पुरस्कार 1985 मध्ये, टेम्पलटन 1990 मध्ये आणि गांधी शांतता पुरस्कार 1999 साली मिळाला. यादी मोठी आहे, पुरस्कारांचा पैसा कामात गेला. अखेरच्या काळात रक्ताचा कर्करोग झाला. 9 फेब्रुवारी 2008 रोजी, वयाच्या 93 व्या वर्षी, ते आनंदवनात गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे दहन न करता त्यांना आनंदवनाच्याच मातीत पुरलं. 9 जुलै 2011 रोजी साधनाताईही गेल्या. वरोऱ्याला गेलात तर आनंदवनात जरूर जा. तिथल्या कारागिरांचे हात पाहा, आणि बसता न येणाऱ्या एका माणसाला आयुष्यभर कामात ठेवणारी माणसं कशी होती तेही विचारा.