फक्त भात मागणाऱ्या गिऱ्हाईकालाही या म्हणणारा माणूस: आशियातल्या मॉलमागची जपानी डोक्यालिटी

रविवारी संध्याकाळी हार्बर लाइनच्या सीवूड्स स्टेशनला उतरून बघा. लोकलमधून उतरलेली अर्धी गर्दी घराकडे जातच नाही. जिना चढते आणि थेट मॉलमध्ये शिरते. त्यातले कितीतरी जण काहीच विकत घेत नाहीत. एसीत फिरतात, फोटो काढतात, पोरांना खेळायला सोडतात, फार तर एक आइस्क्रीम तिघांत खातात आणि परतीची गाडी धरतात.

आता जरा लांब जाऊ. दुबई मॉलमध्ये भलंमोठं मत्स्यालय आहे, बर्फाचं मैदानही आहे. मनिलाच्या मॉल ऑफ एशियात लोक स्केटिंग करतात. बँकॉकच्या सियाम पॅरॅगॉनच्या तळघरात शार्क पोहतात आणि वर स्कायट्रेनचं स्टेशन मॉलला जोडलेलं आहे.

मग प्रश्न पडतो की कपडे आणि चपला विकायला शार्क कशाला लागतो? आणि दुकान स्टेशनलाच का चिकटवायचं?

छताखालचा बंदिस्त मॉल ही अमेरिकेची देणगी. तिथला पहिला मोठा बंदिस्त मॉल १९५६ मध्ये सुरू झाला आणि तो गाडीवाल्यांसाठी होता. पण रेल्वे, दुकान, जेवण आणि करमणूक यांची मोट त्याच्या कितीतरी आधी जपानमधल्या ओसाका शहरात बांधली गेली होती. ती बांधणाऱ्याचं नाव इचिझो कोबायाशी. गंमत म्हणजे या माणसाला ना रेल्वे चालवायची होती, ना दुकान. त्याला कादंबऱ्या लिहायच्या होत्या.

कादंबरी लिहिली आणि पोलीस आले

कोबायाशी यांचा जन्म ३ जानेवारी १८७३ चा, यामानाशी प्रांतातल्या निरासाकीचा. पहिल्या महिन्याची तीन तारीख म्हणून एक आणि तीन हे आकडे जोडून नाव ठेवलं, इचिझो. घर सधन व्यापाऱ्याचं. पण त्याच वर्षी आई गेली. वडील घरजावई होते, ते आपल्या मूळ घरी परतले. पोर नातेवाइकांच्या हाती वाढलं.

पुढे ते शिकायला टोकियोच्या केइओ विद्यालयात आले. तिथे अभ्यासापेक्षा नाटकं आणि लिखाणाचा नाद जास्त. १८९० मध्ये टोकियोत एका परदेशी मिशनऱ्याचा खून झाला. सतरा वर्षांच्या इचिझोने त्यावर लगेच कादंबरी रचली आणि गावाकडच्या वर्तमानपत्रात ती क्रमशः छापून यायला लागली. खून ताजा, गोष्टही ताजी. या लेखकाला इतकं कसं ठाऊक, असा संशय पोलिसांना आला. चौकशी झाली आणि कादंबरी अर्ध्यात बंद पडली.

शिक्षण संपल्यावर त्यांना वर्तमानपत्रात नोकरी हवी होती. ती मिळाली नाही. मग १८९३ मध्ये मित्सुई बँकेत चिकटले. नोकरी मोठी, पण मन रमेना. चौदा वर्षं त्यांनी तिथे काढली आणि १९०७ मध्ये एका नव्या शेअर कंपनीच्या आशेवर राजीनामा देऊन ओसाका गाठलं. नेमका त्याच वेळी शेअर बाजार कोसळला आणि ती कंपनी जन्मालाच आली नाही.

वय ३४. पदरी बायको-मुलं. हातात काम नाही.

कुणालाच नको असलेली रेल्वे

अशा वेळी त्यांच्याकडे एक पडीक काम आलं. ओसाकाच्या उमेदा भागातून निघून डोंगराकडे जाणारी एक विजेची रेल्वे काढायचं घाटत होतं. नाव मिनो-अरिमा इलेक्ट्रिक रेल्वे. मंदीमुळे तिचे जवळपास निम्मे शेअर घ्यायला कुणी तयार नव्हतं. कारणही सरळ होतं. शेजारची हानशिन रेल्वे ओसाका आणि कोबे ही दोन मोठी शहरं जोडत होती. ही नवी गाडी मात्र शेतांतून जाणार. एका टोकाला धबधबा आणि मेपलची झाडं, दुसऱ्या टोकाला गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव. तिकीट काढणार कोण?

कोबायाशींनी नियोजित मार्ग पायी तुडवला. वाटेत मोकळी, स्वस्त जमीन दिसली आणि त्यांनी गणित उलटं मांडलं. माणसं आहेत तिथे रेल्वे न्यायची, ही झाली नेहमीची रीत. आपण रेल्वे नेऊ तिथे माणसं आणून वसवली तर?

ओसाका तेव्हा धुराड्यांचं शहर होतं. कारखाने, कोंदट हवा, भाड्याच्या खोल्या. नोकरदार माणसाला स्वतःचं घर घेणं अशक्यच वाटायचं. कोबायाशींनी रुळांच्या कडेला जमीन घेतली, इकेदा गावात बागेसह घरं बांधली आणि ती दहा वर्षांच्या हप्त्यांवर विकायला काढली. ईएमआय आज आपल्या पाचवीला पुजलेला आहे, पण तेव्हा पगारदाराला हप्त्याने घर ही नवलाई होती. त्याआधीच, १९०८ मध्ये, त्यांनी आपली रेल्वे कशी फायद्याची आहे हे समजावणारी प्रश्नोत्तरांची पुस्तिका छापून वाटली होती. हुकलेला लेखक इथे कामी आला.

१० मार्च १९१० ला गाडी धावली. सकाळी ती घरांतून माणसं भरून शहरात न्यायची. पण दुपारी आणि सुट्टीच्या दिवशी उलट दिशेच्या डब्यांत बसवायचं कुणाला?

थंड पाण्याचा तलाव आणि नाचणाऱ्या मुली

इथून पुढचा किस्सा जगभर गाजला.

रिकामे डबे भरायला त्यांनी मिनोला त्याच वर्षी प्राणिसंग्रहालय काढलं. दुसऱ्या टोकाला, ताकाराझुकाला, १९११ मध्ये गरम पाण्याचं स्नानगृह उघडलं. पुढच्या वर्षी तिथेच पाश्चात्त्य धर्तीची इमारत बांधली आणि आत पोहण्याचा तलाव केला. बंदिस्त तलाव म्हणजे तेव्हा मोठंच आकर्षण.

पण तलाव साफ आपटला. पाणी तापवायची सोय केलेली नव्हती आणि छतामुळे ऊनही पोचत नव्हतं. उतरलेला माणूस कुडकुडत बाहेर यायचा. त्यातून बायका-पुरुषांनी एकत्र पोहायला परवानगी नव्हती, म्हणजे कुटुंबाने यायचं कशाला? थोड्याच दिवसांत तलाव बंद करावा लागला.

कोबायाशींनी तो बुजवला नाही. त्यावर फळ्या टाकल्या, बसायची जागा केली आणि त्याचं नाट्यगृह बनवलं. टोकियोच्या मित्सुकोशी या दुकानाने मुलांचं वाद्यपथक काढलं होतं, ते गाजत होतं. आपण मुलींचं काढू, असं त्यांनी ठरवलं. १९१३ मध्ये पहिल्या तुकडीत १६ मुली घेतल्या. १ एप्रिल १९१४ ला पहिला खेळ झाला. पीचमधून जन्मलेल्या मोमोतारो या जपानी लोककथेवरची छोटी संगीतिका. स्नानाला आलेल्यांना ती फुकट.

झऱ्याच्या पाण्याला गिऱ्हाईक यावं म्हणून केलेली ही जोडणी पुढे झऱ्यापेक्षा मोठी झाली. हीच ताकाराझुका रेव्ह्यू. राजपुत्र असो की सैनिक, सगळ्या भूमिका मुलीच करणार. आपल्याकडे बालगंधर्व स्त्रीभूमिका गाजवत होते त्याच काळात तिकडे हे बरोबर उलटं चाललं होतं. १९२४ मध्ये तिथे सुमारे ४,००० खुर्च्यांचं थिएटर उभं राहिलं. एवढं मोठं का? तर खुर्च्या जास्त असल्या की तिकीट स्वस्त ठेवता येतं आणि कारकून बायको-मुलांना घेऊन येऊ शकतो.

या चमकदार गोष्टीला दुसरी बाजूही आहे. मुलींचं प्रशिक्षण, वागणं, सगळं कंपनीच्या कडक शिस्तीत असे. लग्न ठरलं की रंगमंच सोडावा लागे. तो नियम आजही आहे.

स्टेशनवरच दुकान

१९१८ मध्ये कंपनीच्या नावात हानशिन आणि जलद हे शब्द आले, त्याचं पुढे रूढ झालेलं छोटं रूप म्हणजे हानक्यू. १९२० मध्ये तिची गाडी कोबेपर्यंत पोचली. उमेदा स्टेशनात रोज हजारो लोक चढ-उतार करायला लागले.

त्या काळची मोठी दुकानं मूळची किमोनोच्या कापडाची, शहराच्या जुन्या पेठेत बसलेली. गिऱ्हाईक आणायला त्यांना स्टेशनापर्यंत गाड्या पाठवाव्या लागत. कोबायाशींना वाटलं, माणसं रोज आपल्या पायाशी येतात आणि दुकानदार त्यांना उचलून दुसरीकडे नेतात, हा काय प्रकार?

पण बँकेत मुरलेला माणूस एकदम उडी मारत नाही. १९२० मध्ये त्यांनी स्टेशनाला लागून पाच मजली इमारत बांधली. तळमजला शिरोकिया या जुन्या दुकानाला भाड्याने दिला आणि वरच्या मजल्यावर स्वतःचं भोजनगृह काढलं. स्टेशनावर माणूस काय घेतो, कधी घेतो, हे पाच वर्षं बघितलं. १९२५ मध्ये भाडेकरार संपल्यावर तिथेच स्वतःचा बाजार मांडला. तो चालल्यावर १५ एप्रिल १९२९ ला जमिनीवर आठ आणि खाली दोन मजल्यांचं हानक्यू डिपार्टमेंट स्टोअर उघडलं. रेल्वे कंपनीने आपल्याच स्टेशनावर चालवलेलं असं मोठं दुकान त्याआधी झालं नव्हतं.

भोजनगृह त्यांनी सगळ्यात वरच्या मजल्यांवर ठेवलं. जेवायला वर चढलेला माणूस उतरताना प्रत्येक मजल्यावरचा माल बघतो. आज मॉलमधलं फूड कोर्ट आणि सिनेमा वरच्या मजल्यावर का असतात, त्याचं उत्तर हेच.

भातावर सॉस

दुकान उघडलं आणि वर्षभरात जगावर महामंदी कोसळली.

भोजनगृहातली करी-राइस लोकप्रिय होती, पण अनेकांना तीही परवडेना. मग तरुण पगारदारांनी शक्कल काढली. ५ सेनला नुसता भात मागवायचा आणि टेबलावर फुकट ठेवलेला सॉस त्यावर ओतून खायचा. अशांची गर्दी वाढायला लागली. सॉसच्या बाटल्या रिकाम्या व्हायला लागल्या. नुसता भात मागणाऱ्यांना बंदी करावी, असं व्यवस्थापनातल्या लोकांना वाटलं.

कोबायाशींनी नेमकं उलट केलं. फक्त भात खाणाऱ्यांचंही स्वागत आहे, अशी जाहिरात त्यांनी दिली. वर ताटात लोणचंही भरपूर वाढायला लावलं.

त्यांचा हिशेब साधा होता. आज या पोरांच्या खिशात पैसे नाहीत. उद्या यांची लग्नं होतील, मुलं होतील. तेव्हा आपल्याला कुठे मान मिळाला होता हे ते विसरणार नाहीत आणि बायको-मुलांना घेऊन इथेच येतील.

यात माणुसकी किती आणि धंदा किती? दोन्ही वेगळं काढणं अवघड आहे. पण मंदीत गरीब गिऱ्हाईकाला दारातून हाकलणं सोपं असतं. आणि ३४ व्या वर्षी रिकाम्या हाताने बसायची वेळ आलेल्या माणसाला तो रिकामा खिसा कदाचित जास्त नीट कळत असावा.

मंत्रिपद, युद्ध आणि बंदी

त्यानंतर त्यांनी टोकियोत नाट्यगृह उभारलं, आणि त्यातूनच तोहो ही सिनेकंपनी आली. पुढे १९५४ मध्ये कुरोसावांचा सेव्हन सामुराई आणि गॉडझिला हे दोन्ही चित्रपट याच कंपनीने काढले. १९३७ मध्ये निशिनोमिया इथे आपल्या बेसबॉल संघासाठी त्यांनी स्टेडियमही बांधलं. तेसुद्धा अर्थात हानक्यूच्या रुळांजवळ.

१९४० मध्ये ते वाणिज्य आणि उद्योगमंत्री झाले. तिथे मात्र डाळ शिजली नाही. सगळे उद्योग सरकारी नियंत्रणात आणू पाहणारे अधिकारी एकीकडे आणि हा व्यापारी मंत्री दुसरीकडे. खात्यातले दोन नंबरचे अधिकारी नोबुसुके किशी यांच्याशी खटका उडाला. किशींना जावं लागलं, पण काही महिन्यांत, एप्रिल १९४१ मध्ये, कोबायाशींचंही मंत्रिपद गेलं. पुढे हेच किशी पंतप्रधान झाले.

युद्धाने सगळंच गिळलं. १९४४ मध्ये ताकाराझुकाचं थिएटर बंद झालं. टोकियोच्या नाट्यगृहात अमेरिकेवर सोडायचे फुगे-बॉम्ब तयार व्हायला लागले. युद्ध संपल्यावर तेच नाट्यगृह अमेरिकन सैन्याने घेतलं. युद्धकाळातल्या मंत्रिपदामुळे १९४६ मध्ये कोबायाशींवर सार्वजनिक पदांची बंदी आली. ती १९५१ मध्ये उठली, तेव्हा ते ७८ वर्षांचे होते. तरी ते पुन्हा नाट्यगृहांच्या कामाला लागले. २५ जानेवारी १९५७ ला इकेदात, म्हणजे त्यांनी हप्त्यांवर घरं विकलेल्या त्याच गावात, त्यांचं निधन झालं.

आणि स्टेडियमचं काय झालं?

ताकाराझुकाची करमणूक बाग २००३ मध्ये बंद झाली. बेसबॉलचा संघ १९८८ मध्ये विकला गेला. निशिनोमियाचं ते स्टेडियम पाडलं गेलं.

त्या जागेवर २००८ मध्ये काय उभं राहिलं, ओळखा? हानक्यू निशिनोमिया गार्डन्स, पश्चिम जपानमधल्या सगळ्यात मोठ्या मॉलपैकी एक. स्टेशनाला जोडलेला. आत हानक्यूचं दुकान आणि तोहोचं सिनेमागृह.

तेव्हा पुढच्या रविवारी मॉलमध्ये काही न घेता फिरताना अपराधी वाटून घेऊ नका. तुम्ही याल, हे ओसाकातल्या एका माणसाने शंभर वर्षांपूर्वीच हिशेबात धरलं होतं.