येशू ख्रिस्तांचा मृत्यू नेमका कशाने झाला?

क्रुसावरील येशूंचे चित्र किंवा मूर्ती तुम्ही पाहिली असेल. हातापायांत खिळे दिसतात, त्यामुळे खिळ्यांच्या जखमांनीच मृत्यू झाला असे अनेकांना वाटते. पण तेवढ्या जखमांनी माणूस सहसा लगेच मरत नाही. मृत्यूचे कारण समजून घेतले, तर गंभीर जखमी माणसाला कशाची गरज असते तेही तुमच्या लक्षात येईल.

आधीचे आयुष्य

येशू गालील प्रांतातील नाझरेथ गावात वाढले. घरचा व्यवसाय सुतारकामाचा. वयाच्या सुमारे तिसाव्या वर्षी त्यांनी उपदेशाला सुरुवात केली आणि पुढे ते गावोगावी पायी फिरले. म्हणजे अटक झाली तेव्हा ते कष्टाची आणि चालण्याची सवय असलेले, तिशीतले पुरुष होते. इ.स. 30 च्या सुमारास, वल्हांडण सणाच्या दिवसांत, रोमन सुभेदार पिलाताने जेरुसलेममध्ये त्यांना क्रुसावर देण्याचा हुकूम दिला.

क्रुसावर जाण्यापूर्वीच प्रकृती ढासळली होती

अटकेची रात्र जागरणात, प्रचंड मानसिक ताणात आणि चौकशीत गेली. त्यानंतर फटके मारण्यात आले. रोमन चाबकाच्या वाद्यांना हाडाचे किंवा धातूचे तुकडे लावलेले असत. त्यांनी कातडी फाटते, खालच्या स्नायूंना इजा होते आणि बरेच रक्त जाते. छातीवर मार बसला तर फुप्फुसांनाही सूज येऊ शकते.

शुभवर्तमानांनुसार, वाटेत कुरेनेकर शिमोन नावाच्या माणसाला त्यांचा क्रूस वाहायला लावले. धडधाकट माणसाची इतकी ताकद जाणे, ही शॉकची सुरुवात असू शकते.

शॉक म्हणजे काय?

इथे शॉक म्हणजे मानसिक धक्का नव्हे. प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण 5 लिटर रक्त असते. त्यातले लिटर-दीड लिटर गेले, की मेंदू, मूत्रपिंड व हृदयाला रक्त अपुरे पडू लागते. नाडी जलद होते, अंग गार पडते, घाम सुटतो, खूप तहान लागते. येशूंना क्रुसावर तहान लागल्याचा उल्लेख योहानाच्या शुभवर्तमानात आहे.

क्रुसावर काय झाले?

1968 मध्ये जेरुसलेमजवळ पहिल्या शतकातील एका माणसाचे टाचेचे हाड सापडले. त्यात लोखंडी खिळा तसाच रुतलेला होता. म्हणजे खिळे ठोकण्याची पद्धत खरी होती. हातातील मोठ्या नसेला इजा झाली, तर हालचाल होताच असह्य कळा येतात.

मृत्यूच्या कारणाबद्दल डॉक्टरांत एकमत नाही. फ्रेंच सर्जन पिएर बार्बे यांच्या मते हात वर ताणलेले असल्याने श्वास सोडणे कठीण होऊन माणूस गुदमरत असे. अमेरिकेतील न्यायवैद्यक डॉक्टर फ्रेडरिक झुगिबे यांनी स्वयंसेवकांना सुरक्षितपणे तशा स्थितीत ठेवून पाहिले. त्यांना गुदमरणे आढळले नाही, म्हणून त्यांनी शॉक हे कारण मानले. 1986 मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातील एका लेखाने शॉक आणि श्वसनाचा थकवा ही दोन्ही कारणे एकत्र धरली.

मला स्वतःला शॉक हे मुख्य कारण पटते. क्रुसावर माणूस उभ्या स्थितीत अडकलेला असतो. चक्कर आली की आपण खाली पडतो आणि आडवे झाल्यावर मेंदूला पुन्हा रक्त मिळते. क्रुसावर ते शक्य नव्हते. रक्त पायांत साचत राहिले. उपचार म्हणून जे करायला हवे, म्हणजे आडवे करणे, रक्तस्राव थांबवणे, ऊब देणे आणि शरीरातील द्रव भरून काढणे, त्यातले काहीच झाले नाही.

क्रुसावर काही जण दिवसभराहूनही जास्त काळ जगत. मार्कच्या वृत्तांतानुसार येशू सुमारे 6 तासांत गेले आणि पिलातालाही त्याचे आश्चर्य वाटले. आधीचे फटके लक्षात घेतले तर यात नवल नाही. मृत्यूनंतर कुशीत भाला खुपसल्यावर रक्त आणि पाणी निघाल्याचे योहान सांगतो. फुप्फुसाभोवती किंवा हृदयाभोवती साचलेला द्रव, हे त्याचे संभाव्य कारण मानले जाते.

तुम्ही काय लक्षात ठेवाल?

अपघातग्रस्त माणूस बोलत आहे म्हणजे तो सुखरूप आहे, असे समजू नका. अंग गार, नाडी जलद, अस्वस्थपणा आणि तीव्र तहान ही धोक्याची चिन्हे आहेत; पोटात किंवा छातीत रक्तस्राव होत असेल तर बाहेर रक्त दिसणारही नाही.

- वाहत्या जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा.
- रुग्णाला आडवे ठेवा, उठवून बसवू नका. मानेला किंवा पाठीला मार असेल तर गरज नसताना हलवू नका.
- अंगावर पांघरूण घाला.
- तहान लागली तरी पाणी पाजू नका. उलटी श्वासनलिकेत जाऊ शकते आणि भूल द्यावी लागू शकते.
- 108 वर फोन करून लगेच रुग्णालयात न्या.