खंजिरीच्या आवाजावर जमलेली माणसं

आपल्या सोसायटीत कागद कारखान्यातले, कोळसा खाणीतले, रेल्वेतले असे सगळेच राहायला आले. एकाच जिन्यात तेलुगू, हिंदी, मराठी. सुरुवातीला दारं बंदच असायची. ती उघडली गुरुवारच्या भजनानं. त्या भजनातली खंजिरी जिथून आली, ते राष्ट्रसंत तुकडोजी महाराज.

माणिक बंडोजी इंगळे हे त्यांचं मूळ नाव. 30 एप्रिल 1909 ला अमरावती जिल्ह्यातल्या यावली गावी गरीब घरात जन्म. शिक्षण थोडकंच. वरखेडचे आडकोजी महाराज हे गुरू. तुकड्या हे नाव त्यांनीच दिलं. पुढे आपल्याच जिल्ह्यातल्या चिमूरकडच्या जंगलात त्यांनी साधना केली. 1935 साली मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा राहिला, आणि पुढच्याच वर्षी महात्मा गांधींनी त्यांना सेवाग्रामला बोलावून घेतलं.

आता खंजिरीचं बघा. वाद्य केवढंसं! एका हातात धरायचं, दुसऱ्यानं वाजवायचं. पेटी नसली तरी चालतं, शास्त्रीय गाणं येत नसलं तरी चालतं. महाराजांची भजनं सोप्या मराठीत अन् हिंदीत, त्यामुळे पहिल्यांदा ऐकणारासुद्धा दुसऱ्या ओळीपासून मागं म्हणायला लागतो. अन् बसायचं सगळ्यांनी एकाच रांगेत, पाटील असो की मजूर. त्या काळी गावात विहिरीसुद्धा वेगवेगळ्या होत्या, तिथं हे साधं काम नव्हतं. भजनातच अस्पृश्यता, दारू, कर्ज काढून केलेली लग्नं यांचा समाचार घेतला जाई.

म्हणूनच सरकारला या भजनांची धास्ती वाटली. 16 ऑगस्ट 1942 ला चिमूर पेटलं, गोळीबारात बालाजी रायपूरकर हा कोवळा पोरगा गेला. त्याच महिन्यात महाराजांना चंद्रपुरात अटक झाली. नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवलं. सुटून आल्यावर पुन्हा गावोगाव भजनं, सामुदायिक प्रार्थना. ग्रामगीता लिहिली. 1955 साली जपानच्या विश्वधर्म परिषदेलाही गेले, पण मन रमायचं खेड्यातच. 11 ऑक्टोबर 1968 ला मोझरीला देह ठेवला.

आपल्या भजनाची सतरंजी अजून पहिल्या मजल्यावरच्या माळ्यावर आहे. हल्ली गुरुवारी सात-आठ जणच जमतात, तेही बहुतेक निवृत्त. पोरं खाली पार्किंगमध्ये मोबाईलवर गाणी ऐकत असतात. खंजिरी मात्र दोन आहेत, अन् वाजवणारा सध्या एकच.