ग्रेस हॉपर: कॉम्प्युटरला स्वतःचं काम स्वतः करायला लावणाऱ्या बाई

तुमच्या फोनमधलं कुठलंही अ‍ॅप घ्या. ते आधी माणसाला वाचता येईल अशा कोडमध्ये लिहिलेलं असतं. फोनच्या प्रोसेसरला मात्र फक्त आकडे समजतात. कोडचे आकडे करून देणाऱ्या प्रोग्रामला कंपाइलर म्हणतात. हे नाव कॉम्प्युटरच्या जगात आणलं ग्रेस हॉपर यांनी. आज कंपाइलरच्या सेटिंगची फाइलसुद्धा आपोआप बनते, आणि त्यामागचा विचार त्यांच्याच कामात सापडतो. कसा, ते पाहूया.

गणिताच्या प्राध्यापक नौदलात

ग्रेस यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. लहानपणी त्यांनी घरातली गजराची घड्याळं उघडून बघायचा सपाटा लावला होता. १९३४ मध्ये त्यांनी येल विद्यापीठातून गणितात डॉक्टरेट मिळवली आणि व्हासार कॉलेजात त्या शिकवत राहिल्या. दुसरं महायुद्ध सुरू झाल्यावर त्यांनी अमेरिकेच्या नौदलात जायचं ठरवलं. पण वय जास्त भरलं आणि वजन कमी! तरी त्या मागे लागल्या, सवलत मिळवली आणि डिसेंबर १९४३ मध्ये भरती झाल्या.

१९४४ मध्ये त्यांना हार्वर्डला पाठवलं. तिथे मार्क वन नावाचं यंत्र होतं, ५१ फूट लांब. एका सेकंदात त्याच्या जेमतेम तीन बेरजा व्हायच्या. प्रोग्राम कागदी पट्टीवर भोकं पाडून द्यावा लागे. या यंत्राचं पाचशेहून जास्त पानांचं मॅन्युअल हॉपर यांनी लिहिलं.

लॉगबुकातला किडा

यंत्राजवळ एक लॉगबुक ठेवलेलं असायचं. कधी काय चालवलं, कुठे अडलं, सगळं त्यात वेळेसकट लिहायचं. ९ सप्टेंबर १९४७ ला मार्क टू यंत्राच्या एका रिलेमध्ये पतंग अडकलेला सापडला, रात्री दिव्याभोवती फिरतो तसला. कर्मचाऱ्यांनी तो लॉगबुकात चिकटपट्टीने चिकटवला आणि खाली गमतीची नोंद केली.

ही गोष्ट हॉपर पुढे आयुष्यभर सांगत राहिल्या, म्हणून 'बग' हा शब्द त्यांनीच काढला असं बरेच जण समजतात. ते खरं नाही. यंत्रातल्या बिघाडाला बग म्हणायची पद्धत एडिसनच्या काळापासून होती. पण ते लॉगबुक खरं आहे, आणि आज ते अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

नकलेतल्या चुका

हार्वर्डमधल्या प्रोग्रामरांकडे वह्या असायच्या. एखादं गणित एकदा नीट जमलं की त्याचा कोड वहीत राही आणि पुढच्या वेळी दुसरा कोणी तो उतरवून घेई. खरी अडचण इथेच होती. उतरवताना एखाद्या अक्षराचा आकडा होई, एखादी ओळ गळे. शिवाय वहीतला प्रत्येक तुकडा शून्यापासून सुरू व्हायचा. तो मोठ्या प्रोग्राममध्ये मधेच घालायचा तर त्यातल्या सगळ्या पत्त्यांमध्ये बेरीज करावी लागे. शिकलीसवरलेली माणसंही यात चुकायची.

१९४९ मध्ये हॉपर फिलाडेल्फियाच्या एकर्ट-मॉकली कंपनीत गेल्या. तिथे युनिव्हॅक हा कॉम्प्युटर बनत होता. त्यांच्या लक्षात आलं की नक्कल आणि बेरीज यांत तर हेच मशीन हुशार आहे, मग माणसाने हे का करायचं? त्यांनी तयार तुकडे टेपवर साठवले आणि प्रत्येकाला नंबर दिला. प्रोग्रामरने फक्त नंबर सांगायचे. तुकडे शोधणं, पत्ते बदलणं, सगळं जोडणं ही कामं मशीनची. १९५२ च्या सुमाराला तयार झालेला हा प्रोग्राम म्हणजे ए-झिरो. आजच्या कंपाइलरपेक्षा तो साधा होता, पण सुरुवात झाली.

लोकांचा मात्र विश्वास बसेना. कॉम्प्युटर फक्त आकडेमोड करतो, तो प्रोग्राम कसा लिहील, असं तेव्हा म्हणत. पुढे हॉपर यांनी इंग्रजी शब्दांत प्रोग्राम लिहिता येईल असं सुचवलं, तेव्हाही विरोध झाला. त्यांनी तोच नमुना फ्रेंच आणि जर्मन शब्दांत चालवून दाखवला तर कंपनीचे साहेब उलट घाबरलेच! तरी त्यांच्या गटाने फ्लो-मॅटिक ही भाषा पूर्ण केली. १९५९ मध्ये एका समितीने कोबोल भाषा आखायला घेतली, तेव्हा तिच्यावर फ्लो-मॅटिकची मोठी छाप पडली.

१९६६ मध्ये नौदलाने त्यांना निवृत्त केलं, पण पुढच्याच वर्षी परत बोलावलं. वेगवेगळ्या कंपन्यांचे कोबोल कंपाइलर एकसारखे चालतात का, हे तपासायचं काम त्यांच्याकडे आलं. १९८६ मध्ये रिअर अ‍ॅडमिरल म्हणून त्या निवृत्त झाल्या, तेव्हा वय होतं ७९. १ जानेवारी १९९२ ला त्यांचं निधन झालं.

आजच्या बिल्ड लॉगशी संबंध काय?

मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये हजारो फाइली असतात. प्रत्येक फाइल कंपाइल करताना वेगळे पर्याय द्यावे लागतात: हेडर कुठे शोधायचे, कोणती सुविधा चालू ठेवायची वगैरे. कोड लिहायच्या एडिटरला हे माहीत नसेल तर बरोबर कोडखालीसुद्धा लाल रेघा दिसतात. त्यासाठी 'कंपाइल कमांड्स' नावाची जेसन फाइल लागते. तिच्यात प्रत्येक सोर्स फाइलचं नाव, फोल्डर आणि कंपाइलरला दिलेली पूर्ण कमांड असते.

ही फाइल हाताने लिहायला बसलात तर १९४४ च्या वहीवाल्यांसारख्याच चुका होणार. पण बिल्ड चालताना कंपाइलरला दिलेल्या कमांड लॉगमध्ये छापता येतात. 'कंपाइलडीबी' हे टूल 'मेक'चा तो मजकूर वाचून फाइल बनवतं. 'बेअर' हे टूल बिल्ड चालू असतानाच कमांड टिपून घेतं. अँड्रॉइडच्या मुळाशी असलेल्या लिनक्स कर्नलमध्येही अशी एक पायथन स्क्रिप्ट आहे. बिल्डने मागे ठेवलेल्या कमांडच्या नोंदी वाचून ती हीच फाइल तयार करते.

एक गोष्ट लक्षात ठेवा. लॉगमध्ये जे घडलं तेवढंच असतं. आधीच बिल्ड झालेल्या प्रोजेक्टवर पुन्हा 'मेक' चालवलंत तर नवं काही कंपाइल होत नाही आणि हाती रिकामी फाइल येते. म्हणून आधी जुनं बिल्ड साफ करा, मग पूर्ण बिल्ड चालवा. मार्क टूच्या लॉगबुकाचंही तसंच होतं: पतंग सापडला म्हणून त्याची नोंद झाली.