अहिल्यादेवी होळकर : बांधकामासोबत देखभालीच्या पैशांचीही सोय करणाऱ्या राज्यकर्त्या



नवा फोन घेताना आपण काय बघतो? कॅमेरा, रॅम आणि किंमत. पण फोन तीन-चार वर्षं वापरायचा म्हटलं की कव्हर, स्क्रीन गार्ड, दर महिन्याचा रिचार्ज आणि दोन वर्षांनी बदलावी लागणारी बॅटरी हे सगळं खिशातूनच जातं. हा सगळा हिशोब एकत्र केला की जो आकडा येतो, त्याला लाइफसायकल कॉस्ट म्हणतात. म्हणजे वस्तू घेतल्यापासून ती टाकून देईपर्यंतचा एकूण खर्च.

पावसाचं पाणी अडवणाऱ्या, मुरवणाऱ्या आणि गाळून साफ करणाऱ्या प्रत्येक बांधकामालाही हाच हिशोब लागू होतो. आज आपण हा विषय एका अशा व्यक्तीच्या आयुष्यातून समजून घेऊया, जिचं नाव २०२४ मध्ये अहमदनगर जिल्ह्याला देण्यात आलं. चला तर मग, सुरुवात करूया.

चौंडी ते इंदूर

अहिल्यादेवींचा जन्म ३१ मे १७२५ रोजी चौंडी गावात झाला. हे गाव आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या जामखेड तालुक्यात, सीना नदीच्या काठावर आहे. वडील माणकोजी शिंदे गावचे पाटील होते. हा सगळा भाग पर्जन्यछायेचा. पाऊस कमी, आणि जो येतो तो थोड्याच दिवसांत पडून वाहून जातो. असं पाणी वेळेत अडवलं नाही तर उन्हाळ्यात हंडे घेऊन लांब जावं लागतं. हे चित्र तिकडच्या लोकांना आजही नवीन नाही.

मराठा सरदार मल्हारराव होळकर यांनी या मुलीला पाहिलं आणि आपली सून करून घेतलं, असं सांगितलं जातं. १७३३ मध्ये मल्हाररावांचा मुलगा खंडेराव याच्याशी त्यांचं लग्न झालं आणि त्या माळव्यात गेल्या. त्या काळात मुलींना शिकवण्याची पद्धत नव्हती. तरी त्या लिहायला-वाचायला शिकल्या, हिशोब शिकल्या. मल्हारराव मोहिमेवर असताना पत्रातून कामं सांगायचे. वसुली, रसद, तोफांची व्यवस्था अशी कामं त्या सांभाळायच्या. म्हणजे गादीवर बसण्याआधीच त्यांना कारभाराचा चांगला अनुभव होता.

एकामागून एक धक्के

१७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव मारले गेले. अहिल्यादेवी सती जायला निघाल्या होत्या, पण मल्हाररावांनी त्यांना थांबवलं. १७६६ मध्ये मल्हारराव गेले. गादीवर मुलगा मालेराव बसला, आणि १७६७ मध्ये तोही गेला.

आता होळकरांचं राज्य सहज ताब्यात येईल, असं राघोबादादांना वाटलं. दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांचीही त्यांना साथ होती. पण अहिल्यादेवी मागे हटल्या नाहीत. त्यांनी फौज तयार ठेवली, इतर सरदारांना पत्रं पाठवली आणि पेशवे माधवरावांचा पाठिंबा मिळवला. राघोबांना लढाई न करताच परतावं लागलं. त्यानंतर फौजेची जबाबदारी तुकोजी होळकरांकडे आणि राज्यकारभार अहिल्यादेवींकडे अशी विभागणी झाली. नर्मदेच्या काठावरचं महेश्वर ही त्यांची राजधानी झाली. १३ ऑगस्ट १७९५ पर्यंत, म्हणजे जवळपास २८ वर्षं त्यांनी तिथून कारभार पाहिला.

त्यांनी काय-काय बांधलं?

यादी खूप मोठी आहे. काशी विश्वनाथाचं मंदिर १७८० च्या सुमारास त्यांनी पुन्हा उभं केलं. सोमनाथला मंदिर बांधलं, गयेला विष्णुपद मंदिर बांधलं. काशीत आणि महेश्वरला घाट बांधले. वेरूळला घृष्णेश्वराजवळचं तीर्थकुंड त्यांच्याच नावाशी जोडलेलं आहे. याशिवाय ठिकठिकाणी विहिरी, बारवा, धर्मशाळा आणि अन्नछत्रं.

पण मला, एक सॉफ्टवेअर इंजिनियर म्हणून, या यादीपेक्षा तिच्या मागची पैशांची व्यवस्था जास्त महत्त्वाची वाटते.

खासगी : वेगळं खातं, वेगळा हिशोब

होळकरांकडे दोन खाती होती. एक दौलतीचं, म्हणजे राज्याचं. फौज, पगार, प्रशासन हे सगळं त्यातून चालायचं. दुसरं खासगीचं. १७३४ मध्ये पेशव्यांनी मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांना काही गावांचं उत्पन्न वेगळं लावून दिलं होतं. गौतमाबाईंनंतर ही खासगी अहिल्यादेवींकडे आली. दानधर्माची आणि बांधकामाची कामं त्या याच खात्यातून करायच्या. राज्याच्या तिजोरीला हात लावायचा नाही, हा नियम त्यांनी काटेकोर पाळला.

आता खरी गंमत बघा. घाट किंवा मंदिर बांधून झालं की काम संपलं, असं त्यांनी मानलं नाही. पुजारी, झाडलोट, दुरुस्ती, अन्नछत्रातलं धान्य यासाठी दरवर्षी पैसे मिळत राहावेत म्हणून जमिनीचं उत्पन्न किंवा वार्षिक नेमणूक लावून दिली. आपल्या भाषेत सांगायचं तर ॲप बनवून प्ले स्टोअरवर टाकलं आणि त्याच दिवशी पुढच्या कित्येक वर्षांच्या सर्व्हरच्या बिलाची सोयही करून ठेवली. हे आजही किती जण करतात?

घाटासाठी तर हे फारच गरजेचं. काशीत पावसाळ्यात गंगेला पूर येतो, आणि पूर ओसरला की पायऱ्यांवर गाळाचा जाड थर उरतो. तो दरवर्षी काढावाच लागतो. नाही काढला तर घाट असून नसल्यासारखा.

बारवेच्या पायऱ्या कशासाठी?

बारव म्हणजे पायऱ्यांची विहीर. पावसाचं पाणी जमिनीत मुरतं, माती आणि खडकाच्या थरांतून गाळलं जातं आणि दगडी भिंतीच्या फटींतून बारवेत झिरपतं. पायऱ्या पाणी भरायला, हे तर दिसतंच. पण उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की त्याच पायऱ्यांवरून माणसं तळापर्यंत उतरून पाट्यांनी गाळ वर आणू शकतात. दुरुस्ती सोपी जाईल असं डिझाइन असेल तर देखभालीचा खर्च आपोआप कमी होतो. ज्या फोनची बॅटरी सहज बदलता येते तो जास्त टिकतो, तसंच हे.

आजचं संशोधन काय सांगतं?

शहरात पावसाचं पाणी रस्त्यावरचं तेल, माती, प्लास्टिक सोबत घेऊन वाहतं. ते नदीत जाण्याआधी साफ करण्यासाठी गाळ बसवणारी तळी, वाळूचे फिल्टर, झाडं लावलेले खोलगट वाफे, पाणी झिरपणारा डांबरी रस्ता असे उपाय असतात. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर विद्यापीठातल्या संशोधकांनी अशा सात प्रकारच्या यंत्रणा प्रत्यक्ष चालवून पाहिल्या. देखभालीला किती तास लागले, किती पैसे गेले, पाणी किती साफ झालं, सगळं मोजलं. हा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला.

त्यातून काय कळलं?

- कायम पाणी साठवणाऱ्या तळ्याचा देखभालीचा खर्च सुमारे ५ वर्षांतच बांधकामाच्या खर्चाइतका होतो.
- पाणी झिरपणाऱ्या डांबरी रस्त्याला तेवढा खर्च व्हायला २४ वर्षांहून जास्त काळ लागतो.
- झाडं आणि मातीवर आधारलेल्या यंत्रणांची देखभाल महाग असते, हा समज बहुतेक ठिकाणी चुकीचा ठरला.

म्हणजे टेंडरमधला सर्वात स्वस्त पर्याय दहा वर्षांनी सर्वात महाग पडू शकतो. हे आधीच मोजलं नाही तर बांधकाम होतं, फोटो निघतात आणि दोन पावसाळ्यांत सगळं गाळाने भरतं. मी आधी भाड्याने राहायचो त्या सोसायटीत छतावरचं पाणी जिरवायची टाकी होती. फिल्टरमधली वाळू एकदाही धुतली गेली नव्हती, कारण ते काम कुणाचं हेच ठरलं नव्हतं. पहिल्या मोठ्या पावसात सगळं पाणी पार्किंगमध्ये!

अहिल्यादेवींनंतर काय झालं?

इतकी पक्की सोय केली तरी ती आपोआप चालत नाही. १९४८ मध्ये इंदूर संस्थान मध्य भारतात विलीन झालं. पुढे १९६२ मध्ये खासगीची देवळं, घाट, धर्मशाळा सांभाळण्यासाठी ट्रस्ट स्थापन झाला. नंतर काही मालमत्तांच्या विक्रीवरून वाद झाला आणि तो सुप्रीम कोर्टात गेला. २०२२ मध्ये कोर्टाने या ट्रस्टला सार्वजनिक ट्रस्टचा कायदा लागू होतो असं सांगून नोंदणी करायला लावली. म्हणजे पैसे बाजूला काढून ठेवणं ही पहिली पायरी. त्या पैशांचा हिशोब लोकांना दिसत राहणं ही दुसरी. दुसरी नसेल तर पहिलीला अर्थ उरत नाही.

आपल्या जिल्ह्यात आज

कोल्हापुरी बंधारा तुम्ही पाहिला असेलच. पावसाळ्यात त्याचे ढापे काढून ठेवायचे आणि पाऊस संपता संपता परत बसवायचे. हे काम वेळेवर झालं नाही तर मजबूत बंधाऱ्यातूनही पाणी निघून जातं. धरणात आणि पाझर तलावात गाळ साचतो, म्हणून राज्य सरकारने २०१७ मध्ये ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना सुरू केली. तलावातला गाळ शेतकरी शेतात नेऊन टाकतात. तलाव खोल होतो आणि रानही सुधारतं. नगर तालुक्यातलं हिवरे बाजार तर दरवर्षी पाऊस मोजतं, ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतं आणि त्यानुसार पिकं ठरवतं. देखभाल म्हणजे नुसती डागडुजी नाही, दरवर्षी मोजणंही आहे, हे तिथे शिकायला मिळतं.

तुम्ही काय करू शकता?

तुमच्या गावात किंवा सोसायटीत पाणी अडवायचं, जिरवायचं नवं काम निघालं तर हे तीन प्रश्न नक्की विचारा :

१. साफसफाई कोण करणार आणि वर्षातून किती वेळा?
२. त्याचे पैसे कोणत्या खात्यातून येणार?
३. हिशोब कुठे बघायला मिळणार?

उत्तरं मिळाली नाहीत तर ते काम अजून अर्धंच आहे, असं समजा. चौंडीच्या त्या मुलीने हे प्रश्न अडीचशे वर्षांपूर्वी सोडवले होते, तेही कॅल्क्युलेटर न वापरता.

तुमच्या भागात एखादी जुनी बारव आहे का? ती कोण साफ करतं? खाली कमेंटमध्ये नक्की सांगा. आणि माहिती उपयोगी वाटली तर गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर शेअर करायला विसरू नका.