पात्र कोण? देबूजीची गोष्ट



आजचं वाचन गीतेच्या सतराव्या अध्यायातलं, श्लोक २० ते २२. भगवंत इथे दानाचे तीन प्रकार सांगतात. देणं हे कर्तव्यच आहे असं समजून, ज्याच्याकडून परतफेड होणार नाही त्याला, योग्य जागी, योग्य वेळी आणि पात्र माणसाला दिलेलं दान सात्त्विक. काहीतरी परत मिळावं म्हणून किंवा कुरकुरत दिलेलं ते राजस. आणि अवेळी, अपात्राला, मान न ठेवता, हिणवून दिलेलं ते तामस.

वाचताना मी दरवेळी एका शब्दापाशी अडते. पात्र. जुन्या टीकाकारांनी पात्र म्हणजे विद्वान, तपस्वी असा अर्थ घेतला. आपण मात्र हा शब्द आज वेगळ्याच ठिकाणी वापरतो. सिग्नलला एखादं पोर काचेवर टकटक करतं आणि गाडीत चर्चा सुरू होते. ह्याचा बाप पीत असणार. आईबापांनी एवढी पोरं जन्माला घातलीच कशाला? मदत केली की आळशी होतात हे लोक. म्हणजे पोराची पात्रता आपण त्याच्या बापाच्या वागण्यावरून ठरवतो.

म्हणून आज एका दारुड्याच्या मुलाची गोष्ट सांगते.

२३ फेब्रुवारी १८७६. अमरावती जिल्ह्यातलं शेंडगाव. परिटाच्या घरी झिंगराजी आणि सखुबाईंना मुलगा झाला, नाव ठेवलं देबूजी. घर तसं बरं होतं, पण झिंगराजी दारूच्या नादी लागले. होतं नव्हतं ते त्यात गेलं आणि शेवटी तेही गेले. देबू तेव्हा लहान होता. सखुबाई पोराला घेऊन माहेरी आल्या, मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्याला. हे गाव अकोला जिल्ह्यात.

आता आपल्या गाडीतल्या चर्चेनं हे घर तपासून बघा. बाप पिऊन मेला. जमीन त्यानंच घालवली. पोर शाळेत जात नाही. आपण काय म्हटलं असतं?

मामा चंद्रभानजींनी असला हिशेब केला नाही. बहीण आणि भाचा घरात आले, ताटात वाढलं गेलं. देबू मामाची गुरं राखायला लागला, पुढे वावरात राबायला लागला. कामाला वाघ होता असं सगळेच चरित्रकार लिहितात. शाळा मात्र त्याच्या वाट्याला आलीच नाही.

पुढची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. या कष्टाळू घराचीही जमीन गेली, आणि इथे दारूचा काही संबंध नव्हता. मामांनी सावकाराकडून कर्ज घेतलं होतं. अक्षरओळख नसलेल्या घरात कागदावर काय लिहिलंय हे सावकार सांगेल तेच खरं. फेडूनही कर्ज फिटेना, जमीन हातची गेली आणि मामा त्या धक्क्यातून उठले नाहीत. देबूनं दोन घरं बुडताना पाहिली. एक व्यसनानं बुडालं, दुसरं कर्जानं आणि अज्ञानानं. गरिबी आळसातूनच येते असं म्हणणाऱ्यानं हे दुसरं घर विसरू नये.

देबूजींचं लग्न झालं, कुंताबाई घरात आल्या. मुलगी झाली तेव्हा बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे मटण आणि दारू हवी होती. देबूजींनी गोड जेवण घातलं. बापाला जिनं नेलं ती दारू त्यांनी स्वतःच्या अंगणात येऊ दिली नाही. १९०५ मध्ये त्यांनी घर सोडलं. अंगावर चिंध्यांचा वेश, डोक्यावर मातीचं गाडगं, हातात खराटा. लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले.

गावात शिरले की आधी रस्ते झाडायचे, संध्याकाळी कीर्तन. वऱ्हाडी बोलीत लोकांनाच प्रश्न विचारायचे आणि त्यांच्याच तोंडून उत्तरं काढायचे. दारू पिणाऱ्याला, कर्ज काढून सण करणाऱ्याला, देवापुढे बकरं कापणाऱ्याला ते सोडत नसत. भांडी नसली तर हातावर भाकर घेऊन खा, कपडा कमी भावाचा घ्या, पण पोराला शाळेत घाला, हे त्यांचं सांगणं घरोघरी पोचलं. स्वतःही फुकट खात नसत. काम करायचे आणि मग भाकर घ्यायचे.

म्हणजे बाबा भोळे नव्हते. बापाची चूक त्यांना कळत होती, आपल्यापेक्षा जास्त कळत होती. पण त्यांनी बापाचा राग पोरावर काढला नाही. कीर्तनात बापाला धारेवर धरलं, आणि पोरासाठी छप्पर, जेवण आणि पाटी उभी केली. ऋणमोचनच्या यात्रेत आंधळ्या-पांगळ्यांना पंगती घातल्या. नाशिक, देहू, आळंदी, पंढरपूरला धर्मशाळा बांधल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली, मुलांच्या वसतिगृहासाठी. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या कामाबद्दल त्यांना फार आस्था. रयत शिक्षण संस्थेचं कऱ्हाडचं कॉलेज १९५४ पासून त्यांच्याच नावानं चालतं. आणि शाळेची पायरी न चढलेल्या या माणसाचं नाव आज अमरावतीच्या विद्यापीठाला आहे.

२० डिसेंबर १९५६ ला, अमरावतीला जाताना वलगावजवळ पेढी नदीपाशी, बाबांनी देह ठेवला.

हा पात्रतेचा प्रश्न वऱ्हाडापुरता नाही. ब्रिटनसारख्या श्रीमंत देशात एप्रिल २०१७ पासून एक नियम आला. त्यानंतर जन्मलेल्या तिसऱ्या आणि पुढच्या मुलासाठी, काही अपवाद सोडले, तर गरीब कुटुंबाला सरकारी मदतीतला मुलाचा हिस्सा मिळणार नव्हता. कमावणारी कुटुंबं खर्च बघून मुलं होऊ देतात, मदत घेणाऱ्यांनीही तसंच करावं, असा त्यामागचा युक्तिवाद. ऐकायला पटतो. पण निर्णय आईबापांचा आणि ताट कमी होतं ते तिसऱ्या लेकराचं. सिग्नलवरच्या आपल्या चर्चेतही हेच होतं.

आता परत श्लोकाकडे येऊ. ज्याच्याकडून परतफेड होणार नाही त्याला द्या, असं भगवंत म्हणतात. लहान मुलाइतकं हे वर्णन कुणाला लागू पडतं? मला वाटतं, मुलाच्या बाबतीत भूक हीच पात्रता. आणि हिणवून दिलेलं तामस, हेही तिथेच सांगितलंय. वह्या वाटताना पोरांना रांगेत उभं करून स्टोरीसाठी फोटो काढतो, तेव्हा आपलं दान कुठल्या खणात पडतं, हे ज्यानं त्यानं बघावं. बाबा तर कुणाला पायाही पडू देत नसत.

सिग्नलला नाणं द्या असं मी म्हणत नाही. बाबांनीही नाण्यापेक्षा शाळा आणि वसतिगृह निवडलं.

आजचा संकल्प: आपल्या घरी कामाला येणाऱ्या मावशींची, सोसायटीच्या वॉचमनकाकांची मुलं शाळेत जातात का, हे आज आपुलकीनं विचारा. एका मुलाची वर्षाची फी किंवा पुस्तकं गुपचूप भरा. संकटात सापडलेलं, एकटं मूल दिसलं तर १०९८ ला फोन करा. आणि गाडीत ती चर्चा परत निघाली, तर शेंडगावच्या देबूची गोष्ट सांगा.

पांडुरंगा, लेकराच्या ताटाकडे बघताना त्याच्या बापाचा हिशेब आमच्या मनात येऊ देऊ नकोस.

राम कृष्ण हरी.